आधी वही, मग एआय : मुलांना अभ्यासात एआय कसं वापरू द्यावं

तुर्कस्तानातल्या एका हायस्कुलात सुमारे हजार मुलांवर झालेला गणिताचा एक प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या व्हॉर्टन स्कूलच्या संशोधकांचा त्यात पुढाकार होता. मुलांचे तीन गट केले. सरावाच्या तासाला पहिल्या गटाकडे फक्त वह्या-पुस्तकं. दुसऱ्याकडे चॅटजीपीटीसारखा चॅटबॉट, हवं ते विचारा. तिसऱ्याकडेही चॅटबॉटच, पण त्याला ताकीद दिलेली : उत्तर सांगायचं नाही, शिक्षकांनी ठरवून दिलेल्या धर्तीवर इशारे द्यायचे. सरावात दुसऱ्या गटाची कामगिरी पहिल्यापेक्षा ४८ टक्क्यांनी सरस ठरली, तिसऱ्याची तर १२७ टक्क्यांनी. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. दुसरा गट पहिल्याच्याही १७ टक्के मागे पडला. तिसऱ्या गटाचं असं नुकसान झालं नाही. आणि दुसऱ्या गटातल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटलंही नव्हतं. पालक म्हणून मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे शेवटचं.

घरात एआय येऊ द्यायचं की नाही, हा प्रश्न आता आपल्या हातात राहिलेला नाही. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आलं आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत मेटाचं एआय थेट व्हॉट्सअ‍ॅपमध्ये येऊन बसलं. ज्या फोनवर शाळेचा ग्रुप, त्याच फोनवर उत्तरं देणारं यंत्र. अ‍ॅप काढून टाकून भागणार नाही. आपल्याला ठरवता येतो तो क्रम. आधी मुलाने डोकं चालवायचं, मग एआयला विचारायचं, आणि शेवटी एआय मिटवून तेच पुन्हा स्वतः करायचं. खाली जे लिहिलं आहे तो या क्रमाचाच तपशील आहे.

कोणी म्हणेल, गाईडमधून उत्तरं उतरवतच आपणही दहावी झालो, त्याने काय बिघडलं? फरक आहे. गाईडमध्ये छापलेल्या प्रश्नाचंच उत्तर असायचं. ते शोधायला धडा निदान चाळावा लागे, आणि ‘तुमच्या शब्दांत लिहा’ असा प्रश्न आला की गाईड उघडं पडायचं, कारण अर्ध्या वर्गाचे ‘तुमचे शब्द’ एकच निघायचे. एआय तो शेवटचा अडसरही काढून टाकतं. प्रत्येकाला वेगळे ‘तुमचे शब्द’ मिळतात.

खातं, फोन आणि बसायची जागा

हे एकदाच करायचं काम आहे, अर्ध्या तासात उरकतं.

चॅटजीपीटीच्या अटींप्रमाणे किमान वय १३ आहे आणि १८ पूर्ण होईपर्यंत पालकांची संमती लागते. युनेस्कोनेही सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात वर्गातल्या वापरासाठी १३ हीच किमान मर्यादा सुचवली. आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालकच मानतो. व्यवहारात मात्र मुलं आई-बाबांच्याच खात्यावरून विचारतात. तसं असेल तर निदान दोन गोष्टी करा. सेटिंग्जमध्ये ‘डेटा कंट्रोल्स’ उघडून ‘इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन’ हे बंद करा, म्हणजे तुमचं संभाषण मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरलं जाणार नाही. आणि मुलाला सांगून ठेवा : स्वतःचं पूर्ण नाव, शाळा, पत्ता, आधार कार्ड, प्रगतिपुस्तकाचा फोटो यातलं काहीही तिथे टाकायचं नाही. मुलाचं वेगळं खातं असेल तर सप्टेंबर २०२५ पासून ते पालकांच्या खात्याशी जोडून वापराच्या वेळा ठरवण्याची सोय आहे.

चॅटजीपीटीत ‘स्टडी मोड’ आणि गूगलच्या जेमिनीत ‘गाइडेड लर्निंग’ अशा सोयी २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आल्या. थेट उत्तर न देता त्या प्रश्न विचारत मुलाला पुढे नेतात. त्या चालू करून द्या, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. एका टिचकीत त्या बंद होतात आणि ती टिचकी कुठे मारायची हे मुलांना आपल्याआधी कळतं.

खरा फरक पडतो तो फोन कुठे ठेवला आहे याने. अभ्यासाच्या टेबलावर फोन नको. तो हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर असू दे. अडलं की मुलाने उठून तिथे जायचं, उभ्याने विचारायचं आणि परत येऊन वहीत लिहायचं. उठायचा कंटाळा हा इथे आपल्या बाजूने काम करतो. ‘जाऊ दे, एकदा अजून बघतो’ असं म्हणून मूल पुन्हा उदाहरणाकडे वळतं, आणि निम्म्या वेळा ते सुटतंही.

पहिला टप्पा : वहीत काहीतरी हवं

नियम साधा ठेवा. वहीत पेनाने काही लिहिलेलं असल्याशिवाय प्रश्न एआयकडे जाणार नाही. चुकीचं लिहिलं तरी चालेल, अर्धवट चालेल, नुसतं ‘काय दिलं आहे, काय काढायचं आहे’ एवढं असलं तरी चालेल. दहा ते पंधरा मिनिटं प्रयत्न करायचा आणि जिथे गाडी थांबली तिथे पेन्सिलीने ‘इथे अडलं’ असं लिहायचं.

या दोन शब्दांवर मी अडून बसते. ‘मला काहीच येत नाही’ आणि ‘मला इथपर्यंत येतं’ यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि मुलाला ते लिहिल्याशिवाय दिसत नाही. शिवाय आधी स्वतः चुकून मग बरोबर उत्तर पाहिलं की ते जास्त पक्कं बसतं. आयतं आलेलं उत्तर वाचताना सोपं वाटतं आणि वही मिटली की निसटतं.

इथे एक उपनियम हवा, कारण पळवाट कॅमेऱ्यातून निघते. छापील प्रश्नाचा फोटो काढून पाठवायचा नाही. स्वतःच्या वहीच्या पानाचा फोटो चालेल.

दुसरा टप्पा : विचारायचं कसं

एआयला ‘हे सोडव’ म्हटलं की ते सोडवून देणार. त्याला काय करू नकोस हे सांगावं लागतं. चांगल्या प्रश्नात चार गोष्टी येतात : मी कितवीत आहे, कुठला धडा, मी काय करून पाहिलं, आणि तू काय सांगायचं नाहीस. हा मजकूर फोनच्या नोट्समध्ये ठेवून द्या, दर वेळी चिकटवता येईल :

‘मी महाराष्ट्र बोर्डाच्या मराठी माध्यमात दहावीला आहे. खालचं उदाहरण मी इथपर्यंत सोडवलं आहे आणि इथे अडलो आहे. उत्तर सांगू नकोस. पुढची पायरी सोडवून दाखवू नकोस. माझी चूक मलाच सापडेल असा एकच छोटा प्रश्न विचार. मी उत्तर दिलं की पुढचा विचार.’

टाइप करायचा कंटाळा असेल तर मराठीत बोलून विचारू द्या, फोनच्या कीबोर्डवर माइकची खूण असतेच. मला तर बोलणंच बरं वाटतं. आपली शंका दुसऱ्याला कळेल अशी बोलता बोलता पुष्कळदा मुलाचं मुलालाच कळतं, आणि ते ‘हां, हां, कळलं’ म्हणत अर्ध्यावरून परत येतं.

एक उदाहरण घेऊ, दोन चलांतील रेषीय समीकरणांतलं. ‘दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केली तर मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे. मूळ संख्या कोणती?’

मुलाने पहिलं समीकरण बरोबर लिहिलं : दशकाचा अंक अधिक एककाचा अंक बरोबर ९. दुसरं लिहिलं : एककाचा अंक वजा दशकाचा अंक बरोबर २७. आणि अडला, कारण दोन अंकांमधला फरक २७ असूच शकत नाही. सरळ उत्तर मागितलं असतं तर एआयने आठ ओळींत ३६ काढून दिले असते, मुलाने ते उतरवले असते आणि हीच चूक सहामाहीत पुन्हा झाली असती. वरच्या पद्धतीने विचारलं की संभाषण साधारण असं चालतं. एआय विचारतं, ‘५२ या संख्येत ५ ची किंमत किती?’ मूल म्हणतं, पन्नास. ‘मग दशकाचा अंक कोणता हे माहीतच नसेल तर त्याची किंमत कशी लिहिशील?’ दहा पट. झालं. चूक कुठे होती ते आता त्याला दिसतं : त्याने संख्यांच्या जागी अंकांचीच वजाबाकी केली होती. दोन संख्यांमधला फरक हा अंकांमधल्या फरकाच्या नऊ पट येतो, म्हणजे अंकांमधला फरक ३, बेरीज ९, अंक ३ आणि ६.

तिसरा टप्पा : एआय मिटवून पुन्हा

बहुतेक घरांत दुसऱ्या टप्प्यावरच अभ्यास संपतो. कळलं ना, मग चल पुढे. पण कळणं आणि येणं यात अजून एक रात्र जावी लागते.

रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे, आणि चांगलेच पुढे. म्हणजे अभ्यास संपल्या संपल्या ‘आलं’ असं वाटतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

म्हणून तेच उदाहरण आकडे बदलून दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानावर. वरच्या उदाहरणात २७ ऐवजी ४५ घाला, संख्या २७ येईल आणि उलटली की ७२. आता २७ ऐवजी ३६ घालून बघायला सांगा. अंकांमधला फरक ४, बेरीज ९, आणि अंक पूर्णांकात येतच नाहीत. असं का झालं हे जे मूल शोधून काढेल त्याला हा धडा आला, त्याची पुढची दहा उदाहरणं घ्यायची गरज नाही. एक सावधगिरी : सरावासाठी नवी उदाहरणं एआयकडून घेतली तर त्यातही अशी उत्तर नसलेली उदाहरणं मधूनच येतात, आणि एआय ती तितक्याच ठामपणे देतं. ती पकडली तर मुलाला शाबासकी द्या.

मराठीचा निबंध

गणितात चोरी पकडता येते, निबंधात मुलाचा आवाजच हरवतो आणि पत्ता लागत नाही. एआयचं मराठी एकसारखं असतं. ‘आजच्या धावपळीच्या युगात’, ‘अनन्यसाधारण महत्त्व’, ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’, आणि शेवटी सर्वांनी मिळून काहीतरी संकल्प करणं. सातवीतल्या मुलीचा ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असा निघाला तर त्यात तिच्या गल्लीत तुंबलेलं गटार नसतं, भिजलेलं दप्तर नसतं, शाळा लवकर सुटल्याचा आनंद नसतो.

निबंधासाठी आमच्याकडे असं चालतं. आधी तोंडी सांगायचं, आजीला किंवा आईला, जे कोणी भाजी निवडत बसलं असेल त्याला. ऐकणाऱ्याने मध्ये विचारायचं, ‘मग काय झालं? तुला भीती नाही वाटली?’ त्यानंतर वहीत लिहायचं, शुद्धलेखनाची फिकीर न करता. एआय तिसऱ्या नंबरावर येतं आणि तेही फक्त वाचक म्हणून :

‘हा माझा निबंध आहे. तो पुन्हा लिहू नकोस आणि सुंदर करू नकोस. वाचताना तुला अजून काय जाणून घ्यावंसं वाटलं ते तीन प्रश्नांत विचार. शुद्धलेखनाच्या चुका कुठल्या ओळींत आहेत तेवढं सांग, बरोबर शब्द सांगू नकोस.’

ओळ कळली की मूल शब्दकोश उघडतं किंवा पाठ्यपुस्तकात तो शब्द शोधतं. वेळ लागतो. लागू दे. आणि एआयने दाखवलेली प्रत्येक ‘चूक’ खरी असतेच असं नाही. बोलीतला एखादा चपखल शब्द त्याला चूक वाटू शकतो. तिथे मुलाची बाजू घ्या.

व्याकरणात एआयचा फाजील आत्मविश्वास मुलांना दाखवून द्यायला वृत्तासारखी जागा नाही. समर्थ रामदासांची ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ ही ओळ द्या आणि गण पाडायला सांगा. मुलाने आधी बोटांवर मोजायचं. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, म्हणून ‘सज्जना’तला स गुरू आणि ‘भक्ति’तला भ गुरू. लघु-गुरू-गुरू असं चार वेळा येतं : चार य गण, बारा अक्षरं, भुजंगप्रयात. मग एआयला विचारायचं आणि त्याने पाडलेले गण अक्षर अक्षर तपासायचे. वृत्ताचं नाव ते बहुधा बरोबर सांगतं, कारण ही ओळ प्रसिद्ध आहे. मोजणीत मात्र घसरू शकतं. ही मॉडेलं मजकूर अक्षरांनी वाचत नाहीत, टोकन नावाच्या तुकड्यांनी वाचतात, आणि काना-मात्रेचं देवनागरी अक्षर दोन तुकड्यांत फुटू शकतं. एखाद्या अनोळखी कवितेची ओळ दिली तर हा फरक आणखी उघडा पडतो. नावाजलेल्या यंत्राची चूक आपण पकडली, हा अनुभव मुलाला एकदा तरी यायलाच हवा. त्यानंतर पालकांना फार काही सांगावं लागत नाही.

बाकीचे विषय

इतिहासात सनावळ्या, नावं आणि कोणाचं वचन कोणतं या तीन बाबतींत एआयवर विसंबायचं नाही. तुकोबांच्या नावावर तुकोबांनी कधी न लिहिलेला अभंग ते बेधडक रचून देतं. उत्तराशेजारी पाठ्यपुस्तकाचा पान क्रमांक लिहायची सवय लावा. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, तेव्हा पुस्तक शाळेत राहिलं ही सबब चालत नाही. विज्ञानात ‘का’ विचारायला ते छान आहे, आकृती मात्र पुस्तकातूनच काढायची.

इंग्रजीत मी हात सैल सोडते. तालुक्याच्या गावात मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलीला इंग्रजीत बोलायला आजूबाजूला कोणी नसतं, आणि वर्गात बोललं की हसणारे असतात. चॅटबॉट हसत नाही. रोज दहा मिनिटं बोलू द्या, चुका शेवटी सांगायला सांगा. इथे एआयने बोलावं यासाठी मुलालाच आधी बोलावं लागतं, त्यामुळे क्रम आपोआप सांभाळला जातो.

प्रकल्प

राज्य मंडळाच्या दहावीत भाषेच्या विषयांना ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. हे २० गुण आणि त्यांच्यासोबतचे प्रकल्प एआयच्या तोंडी सगळ्यात आधी सापडतात. नववी-दहावीच्या जलसुरक्षेचा विषय घ्या. तुमच्या परिसरातला पाण्याचा वापर अभ्यासा म्हटलं की एआय दोन मिनिटांत देखणा अहवाल देतं, सर्वेक्षणाच्या आकड्यांसह. ते सर्वेक्षण कोणी केलेलंच नसतं.

इथे नियम असा : आकडा मुलाने मोजलेला हवा. घरात दिवसाला किती बादल्या लागतात, नळ किती वाजता येतो, शेजारच्या पाच घरांत काय परिस्थिती, टँकर कुठल्या महिन्यात सुरू होतो. हे वहीत तारखेसह आलं की एआयला विचारायचं : ‘हे माझे आकडे आहेत. यातून कुठला आलेख काढता येईल आणि मी अजून काय विचारायला हवं होतं?’ इथे ते खरंच मदत करतं.

जाता जाता, प्रकल्प करणारा विद्यार्थी नेहमीच विद्यार्थी असतो असं नाही. स्टेशनरीच्या दुकानात तयार तक्ते मिळायचे तेव्हाही रात्री अकराला थर्माकोल कापत बाबाच बसलेले असायचे. आता तेच बाबा रात्री अकराला एआयकडून अहवाल काढून घेतात. मुलगा ते बघत असतो, एवढंच लक्षात ठेवा.

कितवीत किती

चौथीपर्यंत मुलाने स्वतः वापरूच नये. तुम्ही वापरा : पाढ्यांवर शाब्दिक उदाहरणं काढून घ्या, त्यात मुलाच्या मित्रांची टोपणनावं घाला. पाचवी ते सातवी शेजारी बसून, टाइप तुम्ही करायचं, प्रश्न त्याने सांगायचा. आठवीपासून स्वतः, वरच्या नियमांनी. अकरावी-बारावीला नीट, जेईई, सीईटीच्या मागे असलेल्या मुलांना नियम सांगत बसण्यापेक्षा तुर्कस्तानातले आकडे वाचायला द्या. त्या वयात आकडे पटतात.

तुम्हाला विषय येत नसेल तर

पुष्कळ पालक इथे हात टेकतात. ‘आम्ही सातवी पास, आम्हाला दहावीचं काय कळणार?’ कळायची गरज नाही. रात्री जेवताना एक गोष्ट करा. आज जे शिकलास ते मला समजावून सांग, म्हणा, आणि तुम्हाला जे शब्द कळत नाहीत ते खरोखर विचारा. ‘समीकरण म्हणजे काय रे?’ ज्याला आलं आहे तो ताटातल्या भाकरीचे तुकडे करून समजावतो. ज्याने उतरवलं आहे तो चिडतो किंवा ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणतो. न शिकलेली आई या कामाला शिकलेल्या आईपेक्षा जास्त बरी, कारण ती मध्येच उत्तर सांगून टाकत नाही.

दुसरी खूण वहीत असते. जिथे खरं काम झालं आहे तिथे खाडाखोड असते, समासात आकडेमोड असते. आठ पानं एकही काट न मारता लिहिली असतील तर कौतुक करण्याआधी एखादा प्रश्न विचारा.

शिक्षकांनाही हेच सांगेन. एआयने लिहिलंय का हे ओळखून देणाऱ्या साधनांच्या नादी लागू नका. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. प्रामाणिक मुलावर खोटा आळ येण्यापेक्षा दोन मिनिटं तोंडी विचारलेलं बरं.

आधीच सवय लागली असेल तर

फोन हिसकावून घेऊ नका. मूल मित्राच्या फोनवर विचारेल आणि तुम्हाला कळायचंही बंद होईल.

आधी कशासाठी वापरतो ते बघा. त्याच्यासोबत बसून गेल्या आठवड्यातली संभाषणं वाचा, चौकशीचा सूर न लावता. बऱ्याचदा असं दिसतं की त्याने एआयला दिलेल्या कामातलं निम्मं काम करण्यालायकच नव्हतं : धड्याखालची प्रश्नोत्तरं दोनदा लिहा, अमुक माहिती सुवाच्य अक्षरात उतरवा. असं काम यंत्राला देणाऱ्या मुलाची बुद्धी शाबूत आहे. तिथे पालकसभेत शिक्षकांशी बोलायला हवं. उरलेल्या निम्म्यात खरा प्रश्न असतो, आणि तो साधारणपणे एकाच विषयात असतो. पाचवी-सहावीतले अपूर्णांक कच्चे राहिलेले असतात आणि आठवीपासून बीजगणिताचं प्रत्येक उदाहरण एआयकडे जातं. मग आठवीचं उदाहरण बाजूला ठेवून अपूर्णांकांकडे परत जा. त्यासाठी एआय वापरलं तरी चालेल, तिसरा टप्पा तेवढा सोडू नका.

सगळे विषय एकदम बदलू नका. एक विषय घ्या, त्यात ‘इथे अडलं’चा नियम लावा आणि दोन-तीन आठवडे तेवढाच पाळा. सुरुवातीला गृहपाठाला दुप्पट वेळ लागेल, गुण थोडे खाली येतील, आणि वर्गातली बाकीची मुलं पटापट करून मोकळी होताहेत हे तुमचं मूल रोज सांगेल. त्या वेळी तुम्ही डगमगलात तर नियम संपला. शक्य असेल तर शिक्षकांना आधी कल्पना देऊन ठेवा.

परीक्षेच्या आधी

दहावीला गणित आणि विज्ञानाचे दोन-दोन पेपर, प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास. भाषेचा तीन तासांचा. सगळं हाताने. दिवाळीच्या सुट्टीनंतर हा क्रम आणखी कडक करा : आधी घड्याळ लावून पूर्ण पेपर, फोन दुसऱ्या खोलीत. मग बोर्डाच्या किंवा शाळेच्या नमुना उत्तरांवरून स्वतः तपासायचा. एआयकडे जायचं ते ज्या प्रश्नात गुण गेले त्याच्या वहीतल्या फोटोसह, आणि विचारायचं ते हे : ‘माझ्या उत्तरात कुठली पायरी लिहायची राहिली?’ किती गुण पडतील हे मात्र विचारू नका. मुलं हटकून विचारतात, एआय बहुधा सढळ हाताने देतं, आणि बोर्डात गुण पायरीला असतात. राहिलेली पायरी लाल पेनाने वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवायची. फेब्रुवारीत उजळणीला तेच पान काढायचं.